आमेन, दुसरा मुद्दा सोडून

आमच्या ह्यांची बदली त्या गावच्या मंडळीत झाली, तेव्हा आधीच्या पाळकांनी आपलं सामान टेम्पोत चढवता चढवता एकच सल्ला दिला. म्हणाले, "इथं प्रार्थना जरा जपून करा." आम्ही दोघं नगरकडचे, दोघंही पाळकांच्या घरात वाढलेले. प्रार्थना जपून करायची म्हणजे काय, ते काही आम्हाला उमजलं नाही. मला वाटलं, पत्रे जुने आहेत, मोठ्या आवाजानं पडत असतील.

गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथल्या लग्नांना जावं लागतं. चर्च म्हणजे दगडी भिंती, वर पत्रे, मागे आमचं दोन खोल्यांचं घर आणि मधे एक कडुनिंब. पहिल्याच रविवारी ह्यांनी मनापासून प्रार्थना केली. आधी पाऊसपाण्याचं मागणं मागितलं, मग 'तू आमच्यातले सगळे भेद मिटवलेस म्हणून तुझे आभार मानतो' असं म्हणाले, मग आजाऱ्यांची नावं घेतली. सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. तिचं म्हणून झाल्यावर पुरुषांच्या पहिल्या बाकावरून एक भरदार आवाज आला, "आमेन. दुसरा मुद्दा सोडून."

हे डोळे मिटून उभे होते ते तसेच राहिले. उघडावेत की नाही, हेच त्यांना ठरवता येईना. मी बायकांच्या बाजूनं वाकून पाहिलं. पांढराशुभ्र शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, ताठ पाठ. माणूस निवांतपणे गीतांचं पुस्तक उघडत होता. माझ्या शेजारची बाई पदराआडून म्हणाली, "कंट्रोलर हायेत. चालायचंच."

ते एसटीत कंट्रोलर होते. उभं आयुष्य स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारण्यात गेलेलं. नोकरी सुटली, पण आवाज काही नोकरीबरोबर जमा करून घेतला नव्हता. चर्चमध्ये गीत सांगायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते स्टँडवरचंच होतं. "गीत नंबर एकशेबारा. सर्वांनी उभं राहावं. हातातलं सामान सांभाळावं." उपदेश लांबला की ते उठून उभे राहत आणि ह्यांच्याकडे एकटक बघत. त्यातूनही लांबला तर म्हणत, "गाडी लेट व्हायलीय." एकदा ह्यांनी चिडून विचारलं, की देवाच्या वचनाला घाई कसली? कंट्रोलर म्हणाले, "उपदेश चुकला तर फुडच्या रविवारी मिळतो, पाळकसायेब. खेड्यावरच्यांची गाडी चुकली तर सांजपतोर मिळत न्हाई." बायकांच्या बाजूनं दोनतीन 'आमेन' ऐकू आले. ते कशाला होते, ते ह्यांनी विचारलं नाही.

त्या पहिल्या रविवारी हे त्यांना गाठायला गेले. असं मधेच मुद्दा सोडायची पद्धत आपल्यात नाही, म्हणाले. कंट्रोलरांनी त्यांना नीट बसवून समजावून सांगितलं, "आमेन म्हणजे सही असती. न वाचता सही करायची सवय असती तर म्या कंट्रोलर कशाला राह्यलो असतो? मंत्री झालो असतो." हे तत्त्व त्यांनी कुणासाठी वाकवलं नाही. बिशपसाहेब एकदा आले आणि 'आम्ही सर्व महापापी आहोत' असं सुरू केलं, तर ह्यांच्या डोळ्यांदेखत पहिल्या बाकावरून "आपलं आपल्यापुरतं बोलावं" असं आलं. पूर्ण पटलं तर 'आमेन', थोडं पटलं तर मुद्दा सोडून, आणि मुळीच पटलं नाही तर निजामाच्या अमदानीत शिकलेला एक शब्द होता. "नामंजूर." तो ते अगदी सौम्यपणे म्हणायचे, एखादा रजेचा अर्ज परत करावा तसा.

ते दिवस कसे होते, ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण धग गेली नव्हती. थंडी पडली की मोर्चे, बंद, गाड्यांच्या फुटलेल्या काचा. आमच्या मंडळीचं धोरण एकदम स्वच्छ होतं. आपण ख्रिस्ती, आपला त्यात काय संबंध? वस्त्यांवर ज्यांनी दगड मारले होते त्यांनी मात्र मारण्याआधी कुणाचा बाप्तिस्म्याचा दाखला बघितला नव्हता. अशाच एका बंदच्या आठवड्यानंतर ह्यांनी दोन रात्री जागून, कुणालाही लागणार नाही अशी प्रार्थना तयार केली. "हे प्रभो, दोन्ही बाजूंना सद्बुद्धी दे." कंट्रोलर म्हणाले, "एकाच बाजूला दिली तरी भागंल." लोक खाली माना घालून हसले. ह्यांचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं.

माणूस खरा होता, असं आता सगळे म्हणतात. खरा माणूस शेजारी राहत नसला की त्याचं कौतुक करणं सोपं असतं. आमच्या घरामागच्या गल्लीतच ते राहत आणि त्यांचा खरेपणा दिवसातून चारदा आमच्या दाराशी यायचा. एका नाताळात पोरांनी कागदाचा मोठा तारा करून चर्चच्या दारावर लावला. दार पश्चिमेला. कंट्रोलरांनी शास्त्र दाखवलं, तारा पूर्वेला पाहिजे. पूर्वेला चर्चचा संडास होता. आम्ही सगळ्यांनी समजावलं, पण दिशा म्हणजे दिशा. शेवटी स्वतः शिडी लावून त्यांनी तो तारा संडासावर चढवला आणि आत दिवा सोडला. त्या वर्षी खेड्यावरून रात्रीच्या उपासनेला आलेली मंडळी तारा बघून भक्तिभावानं थेट तिकडे गेली. कंट्रोलरांना त्यात चूक काही दिसली नाही. "दिशा बरोबर व्हती ना?" एवढंच ते म्हणाले.

त्यांना 'कंट्रोलर' म्हणायचे, त्यालाही कारण होतं. मंडळीत सगळे एकमेकांना 'बंधू' म्हणतात. पाटबंधाऱ्याच्या कॉलनीत एक इंजिनिअरसाहेब राहायला आले. आमच्या मंडळीत जीपमधून उतरणारं ते पहिलंच माणूस, म्हणून त्यांना आल्या आल्या पंच केलं. ते सगळ्यांना मोठ्या प्रेमानं 'बंधू' म्हणत. कंट्रोलरांनी त्यांना भर चर्चच्या आवारात थांबवलं. "बंधू म्हणायचं असंल तर एकदा घरात बोलवा, पाणी पाजा. न्हाईतर कंट्रोलर म्हणा. ते म्या नोकरी करून मिळवलेलं हाय." इंजिनिअरसाहेब तेव्हापासून कंट्रोलर म्हणायला लागले. बोलवण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

आता प्याल्याची गोष्ट.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस. द्राक्षारस म्हणायचं, पण तो मी करायचे. आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या, वर थोडी साखर. पितळेचा एक मोठा प्याला होता, कल्हई केलेला. तो पहिल्या बाकापासून निघायचा आणि तोंडातोंडानं मागे मागे जायचा. पुढे बसायची ती जुनी घरं, म्हणजे महारवाड्यातून दोन-तीन पिढ्यांआधी ख्रिस्ती झालेली. मागे, दारापाशी सतरंजीवर, नवी घरं. ती आसपासच्या खेड्यांतल्या मांगवाड्यांतून अलीकडे आलेली. आमच्यात जात नाही, हे आम्ही सगळेच मोठ्यांदा सांगायचो. फक्त नव्या घरांची एसटी उशिरा येते म्हणून ती मागे बसतात, असं होतं. ही एसटी उपासनेच्या चांगली अर्धा तास आधी येते आणि ती माणसं कडुनिंबाखाली उभी राहून बाकं भरायची वाट बघतात, हे कंट्रोलरांनी पंचांच्या बैठकीत वेळापत्रकासकट मांडलं होतं. बैठकीनं त्याची नोंद घेतली. नोंद घेतली की काही करावं लागत नाही.

मग इंजिनिअरसाहेबांच्या बाईंनी हैदराबादहून छोटे छोटे काचेचे ग्लास आणले. खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढे, लाकडी तबकात खाचा पाडून बसवलेले. कावीळ पसरते, त्या म्हणाल्या. डॉक्टरही असंच सांगतात. पंचांनी एका दमात ठराव मंजूर केला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. तंबाखूच्या, मिशरीच्या तोंडांमागून तो प्याला तोंडाला लावताना मी बरीच वर्षं श्वास धरत होते. ते सगळे ग्लास दर महिन्याला मलाच विसळावे लागणार, हे ठराव झाल्यावर ध्यानात आलं. धर्मात कुठलीही सुधारणा झाली की भांडी एका बाईच्या वाट्याला वाढतात.

कंट्रोलर बैठकीत आधी एवढंच म्हणाले, "इतकी वर्सं एका प्याल्यानं पिलाव, कावीळ आली न्हाई. नवी घरं आली अन् कावीळ आली?"

मग ते बोलायला लागले, आणि त्या आवाजात मी तरी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं. त्यांचं गाव सोनपेठकडचं. हाटेलाच्या बाहेर, वळचणीला, एका खिळ्यावर त्यांच्या लोकांचे कप टांगलेले असायचे. आपला कप आपण काढायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, पिऊन विसळून परत टांगायचा. बापानं बाप्तिस्मा घेतला, नाव बदललं, गळ्यातला गंडा काढला. दुसऱ्या दिवशी बापलेक हाटेलावर गेले तर कप तोच, खिळा तोच. "जिथं सगळ्यांचा प्याला एक, असं म्या जल्मात एकच ठिकाण पाह्यलं," ते म्हणाले. "ते बी तुमी बंद करायलेत. वेगळ्या कपातलं म्या पिणार न्हाई. नामंजूर." आणि छत्री उचलून निघून गेले.

त्या क्षणी त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे दाटून आलं, ते मी नाकारणार नाही. पण असला उमाळा बैठकीपुरता असतो. पुढचं रोजचं असतं.

पहिल्या रविवारी तबक त्यांच्यापुढे आलं की ते हाताची घडी घालून छताकडे बघत. एवढ्यावर थांबलं असतं तर कुणाचं काही अडलं नव्हतं. पण बायकांच्या बाजूला काकू होत्या, कंट्रोलरांची बायको. लहानखुऱ्या, गोऱ्या, सतत कुणाला तरी काहीतरी खायला देणाऱ्या. काकूंपुढे तबक आलं की त्यांचा हात निघायचा आणि नवऱ्याकडे बघून परत पदरात जायचा. त्यांच्या लग्नात दोघांनी एका प्याल्यातून घेतलं होतं आणि पाळकांनी सांगितलं होतं, आता सगळं जोडीनं. काकूंनी ते मनावर घेतलं होतं. त्या बाईला दुसरी काही हौस नव्हती. महिन्यातून एकदा स्वच्छ लुगडं नेसून तो घोट घ्यायचा, ह्यावर त्या महिना काढायच्या. तो घोट तुटला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं.

"तुम्ही घ्या ना," मी म्हणायचे. "त्यांचं मत त्यांच्यापाशी."

"त्यांना मत हाय वो बाई," काकू म्हणाल्या. "मला नुसता नवरा हाय."

हे त्यांच्या घरी जाऊन बसले. कंट्रोलर आश्चर्यानं म्हणाले, "म्या तिला कवा अडवलं? तिचं तिनं बघावं. आपल्या घरात ज्याला त्याला मोकळीक हाय." काकू आतून चहा घेऊन आल्या, दोघांपुढे ठेवला आणि उभ्या राहिल्या. मोकळीक दिली की आपलं काम संपलं, असं समजणारे पुरुष मी पुष्कळ बघितले आहेत. एक तर घरातच होता. पण मोकळीक देऊन वर छताकडे बघत बसणारा हा एकच.

आणि गंमत अशी, की ज्या नव्या घरांसाठी ही सगळी तपश्चर्या चालली होती त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे सारजाबाई यायच्या. पालमकडच्या एका खेड्यातल्या. बाप्तिस्म्यात नाव सारा ठेवलं होतं, पण ते फक्त रजिस्टरात राहायचं. आठवडी बाजारात केरसुण्या विकायच्या आणि आवाज असा, की कंट्रोलरांच्या तोडीचा तोच एक. उपासनेनंतर त्या माझ्याबरोबर ग्लास विसळायला बसत. एकदा मी सहज विचारलं, तुम्हाला कसं बरं वाटतं, मोठा प्याला की हे?

"हेच की," त्या लगेच म्हणाल्या. "मोठा प्याला आमच्यापतोर येईस्तोर त्यात काय राह्यचं? तळाचा गाळ अन् समद्यांच्या मिशा. हे बघा कसं, माझा गिलास, माझ्यासाठीच भरलेला. उष्टं न्हाई प्यावं लागत."

मी उठले आणि तशीच, ओल्या हातानं, कंट्रोलरांना जाऊन हे सांगितलं. जरा आनंदानंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, आता पटलं. मग म्हणाले, "तिला समजायला येळ लागंल. तिच्याच भल्याचं हाय." दुसऱ्याच्या अपमानाची एवढी काळजी घेणारा माणूस, आणि त्या दुसऱ्याला तोंड आहे हेच त्याच्या लक्षात येत नव्हतं. तो प्याला मागे जायचा तेव्हा आपण पहिल्या बाकावर असायचो, हेही त्यांना कधी दिसलं नव्हतं. पहिल्या बाकावरून मागचं दिसत नाही. मान वळवावी लागते.

त्याच हिवाळ्यात काकूंच्या छातीत गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन ठरलं. गाठ साधी होती हे पुढे कळलं, पण तेव्हा कुणाला काय ठाऊक? काकू माझ्याकडे आल्या, चुलीपाशी बसल्या आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, जायच्या आदी मला प्रभुभोजन पायजे. जोडीनं. तुमच्या पाळकसायबांना सांगा काय बी करा. मला असं तहानलेलं टेबलावर झोपायचं न्हाई." आणि मग रडल्या. मी पण रडले, आणि त्या माणसाचा मला इतका राग आला, की तो खरा आहे की खोटा ह्याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नाही.

ह्यांनी मार्ग काढला. तो त्यांना कुठून सुचला ते मला पक्कं माहीत आहे, कारण पेपर माझ्याच हातात होता. त्याच थंडीत सरकारनं विद्यापीठाचा प्रश्न सोडवला होता. नाव बदललं नाही, वाढवलं. जुनंही राहिलं, नवंही आलं. सगळ्यांचं समाधान करता येत नसेल तर सगळ्यांचं थोडं थोडं करावं, हे सरकारला सोळा वर्षांनी कळलं आणि आमच्या ह्यांना एका चहात. त्यांनी पंचांना सांगितलं, ग्लास राहतील, शिवाय मोठा प्यालाही राहील. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. इंजिनिअरसाहेब म्हणाले, छान. कंट्रोलरांनी विचार केला आणि म्हणाले, "मंजूर. लोक येतील प्याल्याकडं. बघा तुमी."

त्या रविवारी त्यांनी शर्टाला नीळ घातली होती. काकू हिरव्या लुगड्यात होत्या. मी सकाळीच प्याल्याला चिंच लावून तो घासून काढला होता. उपासना झाली, भाकर झाली, तबक फिरायला लागलं. इंजिनिअरसाहेबांनी ग्लास घेतला. जुन्या घरांनी घेतला. नव्या घरांनी घेतला, दोन्ही हातांत धरून, जपून. मग ह्यांनी पितळी प्याला उचलला आणि म्हणाले, "ज्यांना ह्यातून घ्यायचं आहे त्यांनी पुढे यावं."

कंट्रोलर उठले. बायकांतून काकू उठल्या. दोघं पुढे जाऊन शेजारी शेजारी उभी राहिली, लग्नातल्यासारखी. प्याला कंट्रोलरांच्या हातात आला. ते थांबले आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच मागे वळले. कुणीही उठलेलं नव्हतं. त्यांची नजर सगळ्या बाकांवरून फिरत दाराशी गेली.

"सारजाबाई, या की," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच हाय हे."

"माझं झालं की, काका," सारजाबाईंनी रिकामा ग्लास वर करून दाखवला. आणि मग, काही लागावं म्हणून नव्हे, दिसलं तसं, बाजारातल्या आवाजात म्हणाल्या, "पण म्या काय म्हणते, आता तुमचाच कप वेगळा झाला की वो."

इंजिनिअरसाहेब हसले. बाकी कुणी नाही. कंट्रोलरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला त्यांची सगळी भांडणं माफ करावीशी वाटली. प्याला ओठांपासून वीतभर अंतरावर होता आणि तो माणूस तो वरही नेईना, खालीही ठेवीना. शेजारी काकू ओंजळ पुढे करून उभ्या होत्या. त्यांनी वाट बघितली. मी मनातल्या मनात ओरडत होते, प्या हो, एकदा न पटलेलं करा, तिच्यासाठी करा. ते हलले नाहीत. मग काकूंनी ओंजळ खाली घेतली, ह्यांच्या पुढ्यातल्या तबकातून उरलेला एक ग्लास उचलला, डोळे मिटले आणि प्यायल्या. ग्लास जागेवर ठेवला, पदर सावरला आणि एकट्याच परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्या तोंडावर मी तसं समाधान त्याआधी पाहिलं नव्हतं. अशा वेळी काय करायचं ते ह्यांच्या पुस्तकात नव्हतं, म्हणून त्यांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. नंबर कुणी पुकारला नाही.

उपासना सुटली. मी, सारजाबाई आणि आणखी दोघी-तिघी मागच्या नळावर ग्लास विसळत होतो. काकू पायरीवर बसल्या होत्या. कंट्रोलर आले, भरलेला प्याला तसाच दोन्ही हातांत. वाटेत एक थेंब सांडला नव्हता.

"पाळकीणबाई," ते म्हणाले, "ह्याचं काय करू?" इतका लहान आवाज त्यांच्या गळ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

"अर्पण झालेलं आहे. मोरीत ओतता येत नाही," मी म्हणाले. "प्या, नाहीतर झाडाच्या मुळाशी घाला."

ते कडुनिंबाकडे बघायला लागले. तेवढ्यात सारजाबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले, उठल्या आणि प्याला त्यांच्या हातून काढून घेतला. चांगला मोठा घोट घेतला. मिशरीचा काळा ओठ प्याल्याच्या काठावर उमटलेला मला लांबून दिसला. "बाईनं साखर जास्ती घातलीय," त्या म्हणाल्या आणि प्याला परत त्यांच्यापुढे धरला. "घ्या. इतके दिस आमी मागून पिलो. आता तुमी मागून प्या."

कंट्रोलरांनी प्याला घेतला. काठाकडे बघितलं. आणि त्यांचा उजवा हात, त्यांना न विचारताच, खिशात गेला आणि घडीचा पांढरा रुमाल घेऊन बाहेर आला.

नळ चालू होता. आम्ही सगळ्या हात थांबवून बघत होतो. पायरीवरून काकू बघत होत्या. रुमाल प्याल्याच्या अगदी जवळ गेला होता. तिथे तो अडखळला, वर गेला आणि कंट्रोलरांनी त्यानं आपलं कपाळ पुसलं. चांगलं दोनदा पुसलं.

"एवढ्या थंडीत घाम फुटला व्हय वो काका?" सारजाबाईंनी विचारलं.

काकू फस्सकन हसल्या, पदर तोंडाला लावून, थांबवता येईना अशा. त्यांचं हसणं चालू असतानाच कंट्रोलरांनी प्याला तोंडाला लावला, जिथे काळा ओठ उमटला होता त्याच बाजूनं, आणि तळाच्या गाळासकट संपवला.